सांभाळणाऱ्याचाच जाच

"सांभाळतायत ना तिला? मग आणखी काय पाहिजे?" घरातल्या अपंग मुलीला किंवा मुलाला मारहाण होते हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं, की बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच येतं. सुनेला मारलं तर आता निदान कुजबूज होते, कुणीतरी तिच्या माहेरी फोन करतं. पण पस्तिशीची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेली अविवाहित बहीण भावाच्या घरात राहत असेल आणि तिच्यावर हात उगारला जात असेल, तर लोक भावजयीसाठी उसासा टाकतात. किती करते ती बिचारी, म्हणतात. मार खाणारीचं काय होतं, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

गेली अनेक वर्षं अपंगांच्या प्रश्नांवर काम करताना मी अशी घरं जवळून पाहिली आहेत. नावं-गावं सांगणार नाही. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. अशा घरातून बाहेर पडू पाहणाऱ्या प्रौढ अपंग व्यक्तीकडे हिंमत नसते असं नाही, आणि कायदाही आपण समजतो तितका दुबळा नाही. तिची वाट अडते ती वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे अपंग माणसाला मिळणारी जवळजवळ प्रत्येक मदत कुटुंबाच्या हातून मिळते. रेशन कुटुंबाचं, उत्पन्नाचा दाखला कुटुंबाचा, अंथरुणातून उठवणारे हात कुटुंबाचे. त्यामुळे घर सोडणं म्हणजे जगण्याची सगळी साधनं एका दिवसात सोडणं. ही मदत थेट त्या व्यक्तीच्या नावाने उभी राहत नाही, तोवर सुटकेच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही.

हा जाच नेमका कसा असतो ते आधी सांगायला हवं, कारण तो पुष्कळदा मारहाणीसारखा दिसतच नाही. दिवसभर पाणी देत नाहीत, कारण पाणी दिलं की लघवीला न्यावं लागतं. व्हीलचेअर माळ्यावर टाकतात, म्हणजे कुणी आलं तरी ती बाहेरच्या खोलीत येऊ नये. कुबड्या हाताला येणार नाहीत अशा ठेवतात. कर्णबधिर मुलाचा मोबाइल काढून घेतात, आणि जगाशी बोलायचं त्याचं एकमेव साधन जातं. अंध बहिणीच्या खात्यावर येणारं अनुदान भाऊ एटीएममधून काढतो आणि "आलंच नाही अजून" म्हणून सांगतो. जेवण पुढ्यात आपटतात, अंघोळ घालताना चिमटे काढतात. लैंगिक अत्याचार करणारा बहुधा घरातला किंवा घरात मोकळेपणी येणारा असतो, आणि अंघोळीच्या, कपडे बदलण्याच्या निमित्ताने त्याला ती वेळ आयतीच मिळते. मारणारा आणि भरवणारा हात एकच असला, की त्या हाताविरुद्ध तक्रार करायची म्हणजे उद्याच्या जेवणाचं काय, हा हिशेब आधी करावा लागतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं असं दिसतं. त्याच्या कलम ९२ मध्ये, ज्याच्या ताब्यात अपंग व्यक्ती आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिला आहे. तिच्या आधारसाधनाची मोडतोड करणं किंवा ते वापरू न देणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. माळ्यावर टाकलेली व्हीलचेअर ही घरगुती कुरबूर नव्हे, हा दखल घेण्याजोगा अपराध आहे. हे किती पोलीस ठाण्यांत माहीत असेल, मला शंका आहे.

त्याहून कामाचं आहे ते कलम ७. अपंग व्यक्तीवर अत्याचार, हिंसा किंवा शोषण होत असेल तर कुणीही माणूस किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकते. पीडित व्यक्तीने स्वतःच यायला हवं अशी अट नाही. दंडाधिकाऱ्याने तातडीने तो प्रकार थांबवायचा, गरज असेल तर व्यक्तीला सोडवायचं, तिची इच्छा असेल तर संरक्षणात ठेवायचं, तिच्या निर्वाहखर्चाचा आदेशही द्यायचा. तक्रार पोलिसांकडे आली तर मोफत कायदेशीर मदत मिळते हे आणि दंडाधिकाऱ्याचा पत्ता सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आता तालुक्याला हा कार्यकारी दंडाधिकारी कोण? तहसीलदार. ज्या तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा कक्ष आहे, जिथे हयातीचा दाखला घेऊन दरवर्षी अपंग माणसांची रांग लागते, तीच कचेरी. अर्ज द्यायचं ठिकाण तिला आधीपासून ठाऊक आहे. फक्त त्या खिडकीवर हाही अर्ज घेतला जातो, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि बहुतेकदा खिडकीमागच्या माणसालाही नाही. कलम ७ ची माहिती मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि ब्रेलमध्ये त्या भिंतीवर लावायला किती खर्च येईल?

बायकांना आणखी एक आधार आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ हा नवऱ्याविरुद्धच चालतो असा समज आहे. तो चुकीचा आहे. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणारी मुलगी किंवा बहीण बापाविरुद्ध, भावाविरुद्ध त्याखाली दाद मागू शकते. राहत्या घरातून तिला काढता येत नाही, आणि तिथे राहणं शक्य नसेल तर पर्यायी जागा किंवा भाडं देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. अपंग पुरुषाला मात्र या कायद्याची दारं बंद आहेत, आणि मार खाणारे अपंग पुरुष कमी नाहीत. शिवाय सज्ञान झालं तरी शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर आईवडिलांकडून पोटगी मागता येते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होतं, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. विवाहित मुलगी यातून वगळली आहे.

मिळकतीचंही तसंच. आजारामुळे किंवा व्यंगामुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही, असं हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ मध्ये १९५६ सालीच लिहिलं आहे. तरीही वडील गेले की वर्षश्राद्धाच्या आत अपंग बहिणीचा अंगठा हक्कसोडपत्रावर उमटलेला असतो. "तुला कशाला जमीन? आम्ही आहोत ना सांभाळायला." ज्या सांभाळण्याच्या भरवशावर ती अंगठा उठवते, त्याच सांभाळण्याची धमकी पुढे आयुष्यभर तिला दिली जाते.

इतके कायदे असून माणसं अडकून का राहतात? कारण घराचं दार ओलांडल्यावर पहिल्या रात्री शौचाला कोण नेणार, या प्रश्नाला यांतल्या एकाही कायद्याचं उत्तर नाही. हिंसा झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पण संडासाच्या दारातून व्हीलचेअर जायला हवी ना. महिला वसतिगृह दुसऱ्या मजल्यावर असतं. "स्वतःचं स्वतः करता येतं का?" हा प्रवेशाच्या वेळचा पहिला प्रश्न असतो, आणि ज्यांना सुटकेची सगळ्यात जास्त गरज असते त्या तिथेच गळतात.

पैशाचं बघा. दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं इंदिरा गांधी निवृत्तिवेतन महिन्याला ३०० रुपये आहे, आणि तेही निदान ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर. २०१२ पासून त्यात एका रुपयाची भर पडलेली नाही. राज्याच्या संजय गांधी योजनेतली रक्कम दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये १५०० वरून २५०० झाली, हे चांगलंच झालं. पण मदतनीस ठेवायचा तर त्याचा पगार याच्या कितीतरी पट असतो. आणि अट काय, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. ज्या भावाच्या तावडीतून बहिणीला सुटायचं आहे, त्याच्याच कमाईवर तिची पात्रता ठरते. तो जितका सुस्थितीत, तितकी ती सरकारच्या लेखी सुखी. सज्ञान अपंग व्यक्तीचं उत्पन्न तिचं एकटीचं मोजा, ही मागणी संघटना सतत करत आल्या आहेत. मला वाटतं, या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची मागणी हीच आहे. तिला विशेष गाजावाजा मिळत नाही, कारण उत्पन्नाच्या दाखल्याची अट बदलणं हा फोटो काढण्याजोगा कार्यक्रम नाही.

मदतनिसाच्या बाबतीत तर कायदा आहे आणि यंत्रणा नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम ३८ सांगतं की जिला जास्त मदतीची गरज आहे अशी व्यक्ती, किंवा तिच्या वतीने कुणी, त्यासाठी सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते, मूल्यांकन मंडळाने गरज तपासायची आणि त्याच्या अहवालानुसार प्राधिकरणाने ती मदत द्यायची आहे. या कलमाखाली मदतनीस मिळालेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. स्वीडनने १९९४ पासून तीव्र अपंगत्व असलेल्यांना वैयक्तिक मदतनिसाचा कायदेशीर हक्क दिला. पैसा व्यक्तीच्या नावाने येतो, मदतनीस कोण असावा आणि त्याने कधी यावं हे ती ठरवते. नावडला तर दुसरा ठेवते. पगार घेणाऱ्या माणसाला कामावरून काढता येतं. भावाला काढता येत नाही.

"हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे कुटुंब असतं," हे मी फार वेळा ऐकलं आहे. ज्या महाराष्ट्रात हे म्हटलं जातं, त्याच महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घराचं दार उघडलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तेव्हाही लोक म्हणतच होते की विधवेला घर आहे, सासरचे सांभाळतात. त्या सांभाळण्यात काय चालतं हे या माणसांनी पाहिलं, आणि घराबाहेर एक दार उभं केलं. त्यात शिक्षण दिलं, पोटापाण्याची सोय केली. कुष्ठरोगामुळे घरादाराने टाकलेल्यांना घेऊन बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारलं ते शेतीच्या आणि कारागिरीच्या बळावर. कोल्हापूरला स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली. वसतिगृहं बांधली, सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा उद्योग उभा केला आणि अपंग माणसांच्या हाती पगार दिला. कुटुंबाबाहेर जगता यावं ही कल्पना आपल्या मातीत दीडशे वर्षांहून जुनी आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घरातून काढून संस्थेत ठेवलं म्हणजे सुटका झाली, असं मी मानत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता राखणं अवघड जातं, हे कारण दिलं गेलं. चंदीगडच्या सरकारी नारी निकेतनात राहणाऱ्या एका सज्ञान मतिमंद मुलीवर तिथेच बलात्कार झाला, आणि तिच्या गर्भपाताचा प्रश्न २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. चार भिंती आणि एक अधीक्षक एवढंच बदललं, तर सांभाळणाऱ्याच्या मर्जीवर जगणं तसंच राहतं. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याच्या कलम १९ मध्ये आणि आपल्या २०१६ च्या कायद्याच्या कलम ५ मध्येही म्हटलं आहे की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिला अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती करता येत नाही. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपलं नाव दिलं, आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्यांना बालगृहाबाहेर काढणारा नियम बदला अशी मागणी ते वर्षानुवर्षं सरकारकडे करत आले. त्यांच्या तळमळीपुढे मी नतमस्तक आहे. पण अठरानंतर काय, या प्रश्नाला आयुष्यभर आश्रम हे एकच उत्तर असू नये. चार जणांनी मिळून राहायचं तळमजल्याचं भाड्याचं घर, सकाळ-संध्याकाळ येणारा मदतनीस, आपल्या दाराची किल्ली आपल्याकडे, हे उत्तर जास्त माणसाचं आहे.

आता, कुणी आजच आपल्याकडे मदत मागितली तर? घाईघाईने रिक्षा बोलावून तिला बाहेर काढणं हे सगळ्यात शेवटचं काम. त्याआधी कागद. आधार कार्डाला जोडलेला मोबाइल क्रमांक बहुधा भावाचा असतो आणि प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे दिले की क्रमांक बदलता येतो, त्यासाठी दुसरा कागद लागत नाही. मग वेगळ्या बँकेत तिच्या एकटीच्या नावाने खातं, आणि अनुदान तिकडे वळवणं. यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र), अपंगत्वाचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती बाहेर कुणाकडे तरी ठेवायच्या. ज्यांना कुणाचाच आधार नाही अशा अपंग व्यक्तीचं स्वतंत्र कुटुंब अंत्योदय शिधापत्रिकेला पात्र ठरू शकतं, तेही बघायचं. आणि कागद निम्मे जमले असताना जिवाला धोका दिसला, तर कागद सोडून द्यायचे आणि ११२ लावायचा.

ती निघाली की दुसऱ्याच दिवशी घरचे पोलिसांत "हरवली आहे" अशी नोंद करतात. पोलीस शोधतात आणि बहुतेकदा घरी पोचवूनच थांबतात, कारण त्यांच्या नजरेत अपंग बाई म्हणजे हरवलेलं मूल. म्हणून निघाल्याबरोबर तिने स्वतः, आपल्या सहीने किंवा अंगठ्याने, कर्णबधिर असेल तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासमोर, लेखी द्यायचं की मी सज्ञान आहे, स्वेच्छेने घर सोडलं आहे, मला परत जायचं नाही. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक तहसीलदाराकडे, पोच घेऊन. मदत करणाऱ्यांना अपहरणाची भीती घातली जाते. सज्ञान, स्वतःचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ती पोकळ असते. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये मनोविकल व्यक्तीला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेणं हा अपहरणाचाच प्रकार मानला आहे. त्यामुळे बौद्धिक अपंगत्व असेल आणि कुणी पालक नेमलेला असेल, तर पहिल्या दिवसापासून वकील हवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असलेल्यांसाठीच्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली नेमलेला पालक छळ करत असेल किंवा पैसे खात असेल, तर जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती त्याला काढू शकते.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घर सोडून आलेल्या सज्ञान व्यक्तीबद्दल घरचे न्यायालयात आले तर काय करावं, याच्या सूचना दिल्या. तिला एकटीला भेटून तिची इच्छा विचारा, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नका. ते प्रकरण समलिंगी जोडीदारांचं होतं. अपंग प्रौढांना ती शिस्त लागू करायला कोणती हरकत असू शकते, मला दिसत नाही.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या बाबतीत एक प्रामाणिक शंका घेतली जाते: तिला कळतं का? कळण्याचे प्रकार असतात. बँकेचं व्याज न कळणाऱ्या मुलीलाही कोण चिमटे काढतं ते नीट कळतं. चंदीगडच्या त्या मुलीला मूल हवं होतं, आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याचं कलम १३ सांगतं की अपंग व्यक्ती निर्णय घेण्यासाठी कुणाचा आधार घेऊ शकते, तो आधार बदलू शकते, मोडूही शकते, आणि जिथे आधार देणाऱ्याचा स्वतःचा फायदा असेल तिथे त्याने बाजूला व्हायचं. हा शेवटचा नियम आपल्यासारख्या मदत करायला धावणाऱ्यांनीही पाळायला हवा. तिचं एटीएम कार्ड आपल्या पाकिटात ठेवू नये. तिने चुकीची खोली भाड्याने घेतली, नको त्या माणसाशी मैत्री केली, एकदा रागावून घरी परत गेली, तरी दार उघडं ठेवावं. घर सोडणाऱ्या बायका परत जातात आणि पुन्हा निघतात. अपंग बाईला मात्र एकच संधी मिळते, आणि ती परत गेली की "बघा, तिला जमत नाही" असा शिक्का बसतो.

आणि सांभाळणाऱ्यांचं काय? विशी-तिशीच्या जड मुलाला रोज उचलून अंघोळ घालणाऱ्या सत्तरीतल्या आया मला माहीत आहेत. त्यांना ना सुट्टी, ना पाठदुखीवर उपचार. कधी त्यांचाही तोल जातो, हात उठतो, आणि मग त्या रात्रभर रडतात. त्यांना गुन्हेगार ठरवायचं नाही. पण आईच्या थकव्याची भरपाई मुलाच्या पाठीवर होऊ द्यायची नाही. मदतनीस मुलाच्या नावाने आला, तर दोघेही मोकळे होतात. "आमच्यानंतर याचं काय?" हा प्रश्न घेऊन आई मरते. आई जिवंत असतानाच तो वेगळा राहायला लागला, तर निदान तिला त्याचं नवं घर बघता येईल.

हे सगळं सरकारनेच करावं आणि तोवर वाट पाहावी, असं मात्र नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, महापालिकेला उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते. तो निधी कितीतरी ठिकाणी वर्षअखेरीस माणशी काही रक्कम वाटून किंवा वस्तू देऊन संपवला जातो. त्यातूनच तळमजल्यावरची, रुंद दाराची एक खोली तातडीच्या निवाऱ्यासाठी राखून ठेवता येईल. बचत गटातल्या दोन-तीन बायकांना उचलण्या-बसवण्याचं प्रशिक्षण देऊन तासाप्रमाणे मजुरी देता येईल. मोठ्या शहराला हे जड नाही आणि तीन-चार गावांनी मिळून केलं तर खेड्यांनाही नाही. त्यासाठी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यायला हवा, आणि तो आणायचा लेखी अर्ज गावातला कुणीही मतदार देऊ शकतो.